दूरदेशीचे यात्रेकरू

यवतमाळच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर अरुणावती नदीच्या काठी आर्णी हे गाव वसले आहे. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे या गावाचे नाव वऱ्हाडात परिचित आहे. तेथील उरुसास हिंदू आणि मुसलमान सारख्याच भक्तिभावाने जातात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आर्णीचे महत्त्व तिच्यावरून जाणाऱ्या वाटांत आहे. येथून दिग्रसच्या बाजूने खाली गेले म्हणजे पुसद लागते. आणि उलट दिशेस यवतमाळ, कळंब, देवळी ही गावे मागे टाकली म्हणजे वर्धा, व त्यापलीकडे नागपूर. दोन-अडीचशे किलोमीटरांच्या या टापूत १९३० ते १९५६ या काळात ज्या गोष्टी घडल्या, त्यांचा पडसाद सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडील शहरांत उमटला. गोऱ्यांच्या सत्तेखाली मान खाली घालून जगणारे तेथील कृष्णवर्णीय लोक ज्या उपायाने पुढे ताठ उभे राहिले, तो उपाय शिकण्यासाठी त्यांचे काही प्रवासी आपल्या देशात आले होते. त्यांनी येथे काय पाहिले, काय विचारले आणि कोणती गोष्ट बरोबर नेली, हा इतिहास वऱ्हाड-नागपूरच्या माणसाने जाणून घ्यावा असा आहे. त्यात अभिमानास जागा आहे, आणि अंतर्मुख होण्यासही आहे.

प्रथम पुसदची हकीकत. १९३० च्या मार्च महिन्यात गांधीजी दांडीच्या यात्रेस निघाले आणि मिठाचा कायदा मोडण्याची लाट देशभर पसरली. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मीठ तयार करण्यात आले खरे. परंतु सर्व प्रांतास पुरेल असे ते साधन नव्हते. वऱ्हाडाजवळ होते ते जंगल. गुरांची चराई, सरपण, छपरासाठी लागणारे गवत, या साऱ्यांसाठी शेतकऱ्यास जंगलखात्याची परवानगी आणि फी यांच्या दारात उभे राहावे लागे. तेव्हा मिठाचे काम येथे गवताने करावे असे ठरले. वणी येथे जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात शिरले आणि परवान्यावाचून गवत कापून त्यांनी कायदा मोडला. त्यांस सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर हा जंगल-सत्याग्रह वऱ्हाड व मध्यप्रांतात ठिकठिकाणी पसरला.

ह्या घटनेत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट तिचे लहानपण ही होय. गवत कापणे हे कुणब्याचे रोजचे काम. त्यास शस्त्र नको, विद्वत्ता नको. विळा हाती धरता आला म्हणजे झाले. परंतु तेच काम उघडपणे, आधी कळवून आणि शिक्षेची तयारी ठेवून केले, की सरकारचा दरारा त्या एका पेंढीपुढे डळमळू लागतो. ह्याच्याही तीन वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी ओंजळभर पाणी पिऊन हेच सिद्ध केले होते. फरक एवढाच की, तेथे समोर परके सरकार नसून स्वकीय समाज होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पुढे आला आणि तेथील परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनीच स्वीकारले. पाण्याचा घोट, गवताची पेंढी, देवळाची पायरी अशा नित्याच्या वस्तूंभोवती हे लढे उभे राहिले, कारण माणसाचा अपमान नित्याच्या वस्तूंतूनच होत असतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अपमानही असाच नित्याचा होता. १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. तिच्या समाप्तीचे मोल महाराष्ट्राने फार लवकर ओळखले होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या कार्यात औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेच्या लोकांसच अर्पण केला आहे. परंतु गुलामगिरी गेली तरी तिची सावली राहिली. दक्षिणेकडील राज्यांत शाळा निराळ्या, आगगाडीचे डबे निराळे, पाण्याचे नळ निराळे, खाणावळीत तर प्रवेशच नाही. मत देण्याचा हक्क कागदावर होता, पण कराच्या व साक्षरतेच्या अटी घालून तो हिरावून घेतला जाई. एवढ्यानेही भागले नाही, तर जमावाने एखाद्या कृष्णवर्णीयास पकडून न्याय-चौकशीवाचून झाडास टांगावे, असेही प्रकार घडत. अशा स्थितीत हिंदुस्थानातील निःशस्त्र लढ्याची वार्ता त्या लोकांच्या वर्तमानपत्रांतून येऊ लागली, तेव्हा त्यांचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल.

१९३५ च्या शरदृतूत चौघाजणांचे एक मंडळ तेथून निघाले आणि सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व हिंदुस्थान यांच्या प्रवासास लागले. मंडळाचे प्रमुख हॉवर्ड थर्मन हे वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवीत. त्यांच्या आजीने गुलामगिरी स्वतः भोगलेली होती. बरोबर त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन आणि कॅरोल हे दांपत्य होते. ख्रिस्ती विद्यार्थी-संघटनेच्या निमंत्रणावरून हे मंडळ आले होते, आणि आल्याबरोबरच त्यांस एका अवघड प्रश्नास तोंड द्यावे लागले. कोलंबोस एका वकिलाने थर्मन यांस विचारले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांस गुलाम केले, त्याच धर्माचे होऊन तुम्ही येथे कसे आलात? थर्मन यांच्या मनात हा प्रश्न जन्मभर राहिला. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रमुख ग्रंथाचे मूळ ह्या प्रश्नातच आहे.

२१ फेब्रुवारी १९३६ रोजी बारडोली येथे गांधीजींची व ह्या मंडळाची भेट झाली. पाहुण्यांस प्रश्न विचारावयाचे होते; परंतु प्रथम गांधीजींनीच प्रश्नांचा सपाटा सुरू केला. मताधिकार किती जणांस आहे, मुलांस शिक्षण कोठे मिळते, जमावाच्या हातून होणाऱ्या हत्या थांबतात की वाढतात, हे सारे त्यांनी बारकाईने विचारून घेतले. नंतर थर्मन यांनी अहिंसेचा अर्थ विचारला. ‘अहिंसा’ हा शब्द नकारार्थी दिसला तरी ती एक कार्यकारी शक्ती आहे, असे गांधीजींनी त्यांस समजाविले. त्या संभाषणातील सर्वांत दाहक प्रश्न मात्र स्यू थर्मन यांनी विचारला. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावास जमाव टांगू लागला, तर मी काय करावे? गांधीजींनी जे उत्तर दिले ते सोपे नव्हते. ज्या समाजाच्या हातून असे कृत्य होते त्याच्याशी सर्व सहकार्य तोडावे आणि त्यात आपला प्राण गेला तरी चालेल अशी तयारी असावी, असा त्याचा आशय होता. अमेरिकेस येण्याचे निमंत्रण मात्र त्यांनी स्वीकारले नाही. जे आपण आपल्या देशात अजून सिद्ध करून दाखविले नाही, ते परदेशी जाऊन कसे सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. निघण्यापूर्वी पाहुण्यांनी गुलामगिरीच्या काळातील आपली भक्तिगीते गाऊन दाखविली. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित कृष्णवर्णीयांच्या द्वाराच जगास मिळेल, असे गांधीजी म्हणाल्याचे महादेवभाई देसाई यांनी ‘हरिजन’ पत्रात नमूद करून ठेवले आहे.

ह्या भेटीची आणखी एक आठवण थर्मन यांनी आपल्या आत्मचरित्रात पुढे १९७९ साली प्रसिद्ध केली. हिंदुस्थान अजून स्वतंत्र का झाला नाही, असे त्यांनी विचारले होते. गांधीजींच्या उत्तरात इंग्रजांच्या तोफांवर भर नव्हता. लोक उपाशी आहेत म्हणून त्यांच्यात त्राण नाही, हे एक कारण. आणि लोकांजवळ स्वाभिमान उरलेला नाही, हे दुसरे. तो स्वाभिमान परक्या राज्यकर्त्यांपेक्षा अस्पृश्यतेने अधिक नाहीसा केला, अशी कबुली गांधीजींनी त्या परदेशी पाहुण्यांपुढे दिली. शिकावयास आलेल्या माणसापुढे आपल्याच घरातील व्रण उघडा करून दाखविणे, हे त्या भेटीतील फार मोठे सत्य होते.

याच वर्षी गांधीजींचे वास्तव्य वर्ध्याजवळच्या शेगावी झाले. त्या खेड्याचे पुढे १९४० साली सेवाग्राम असे नामकरण झाले. १९३६ संपून १९३७ उजाडत असता आणखी दोन कृष्णवर्णीय प्रवासी वर्ध्यास आले. हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र-विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज आणि ख्रिस्ती तरुण-संघाचे कार्यकर्ते चॅनिंग टोबायस हे ते दोघे होत. म्हैसूर येथे भरणाऱ्या त्या संघाच्या जागतिक परिषदेसाठी ते हिंदुस्थानात आले होते. मेज यांचा जन्म १८९४ सालचा, दक्षिण कॅरोलायना राज्यातील. आईबाप दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. आपल्या आयुष्यातील पहिली आठवण म्हणून त्यांनी जे सांगितले आहे ते असे: हत्यारबंद गोरे घोडेस्वार आले, त्यांनी वडिलांस अडविले, टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकून सलाम करावयास लावले, आणि चार वर्षांचा मुलगा ते पाहत उभा राहिला. ज्याच्या स्मृतीचा आरंभच वाकलेल्या बापापासून होतो, त्या माणसास भय कसे घालवावे ह्याहून निकडीचा प्रश्न कोणता असणार?

सुमारे दीड तास ती मुलाखत चालली. पाहुण्यांचे प्रश्न अभ्यासू आणि नेमके होते. मूठभर अल्पसंख्याकांनी प्रचंड बहुसंख्येपुढे अहिंसेने काय साधावे? गांधीजींनी सांगितले की, अहिंसेच्या मार्गात अल्पसंख्य असणे हे उणे नाही. दक्षिण आफ्रिकेत मूठभर लोकांस घेऊन लढताना आपणांस जेवढा आत्मविश्वास वाटे, तेवढा येथे बहुसंख्येस हाताळताना वाटत नाही. मग आणखी एक प्रश्न आला, आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला: ही कठीण विद्या माणसांस आणि समाजास शिकवावी कशी? ह्यास राजमार्ग नाही, ती स्वतःच्या आयुष्यात जगून दाखवावी लागते, असे गांधीजींचे उत्तर होते. उत्तर खरे होते. पण ज्यास गावी परतून शेकडो तरुणांस तयार करावयाचे आहे, त्याच्या हाती त्यातून पद्धत लागत नव्हती. ती पद्धत शोधून काढण्यास पुढे वीस वर्षे लागली, आणि ती ज्याने शोधली तो वर्ध्याच्या शेजारीच राहून गेलेला होता.

मेज यांनी आणखीही एक प्रश्न विचारला. अस्पृश्यतेवर आपण हल्ला चढविता, मग जातिव्यवस्थेवरच का चढवीत नाही? हा प्रश्न परदेशी पाहुण्याने सहज विचारलेला नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. १९३६ साली त्यांचे जातिनिर्मूलनावरील भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते, आणि ‘हरिजन’मधून गांधीजींनी त्यावर टीका केली होती. म्हणजे देशातील सर्वांत तीव्र वाद होता तोच मेज यांच्या तोंडून वर्ध्यात उमटला. जात ही मुळात श्रमविभागाची व्यवस्था आहे, अस्पृश्यता हा तिच्यावरचा कलंक आहे, असा भेद गांधीजींनी केला. पुढे काही वर्षांनी गांधीजी स्वतःच पुष्कळ पुढे गेले आणि वधूवरांपैकी एक हरिजन असल्यावाचून आपण विवाहास आशीर्वाद देणार नाही, असे १९४६ च्या सुमारास त्यांनी ठरविले. परंतु त्या दिवशी वर्ध्यात जे उत्तर मिळाले, त्याने अमेरिकेतील वर्णभेद सोसलेल्या माणसाचे पूर्ण समाधान होणे शक्य नव्हते. काळ्यांनी काळ्यांचे काम करावे, गोऱ्यांनी गोऱ्यांचे, हा श्रमविभाग त्याने घरी पुरेपूर पाहिला होता.

ह्याच प्रवासात मेज यांस असा एक अनुभव आला की, तो त्यांनी आयुष्यभर सांगितला. अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत त्यांस बोलावणे आले. मुख्याध्यापकांनी मुलांस ओळख करून दिली ती अशी की, हे पाहुणे अमेरिकेतील अस्पृश्य आहेत. मेज प्रथम चमकले. त्यांस रागही आला. विद्यापीठातील आचार्य, ग्रंथकार, देशोदेशी मान मिळविलेला माणूस, आणि अस्पृश्य? परंतु क्षणभर विचार करताच त्यांस पटले की, मुख्याध्यापकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आपल्या देशात कितीतरी दारे त्यांच्यासाठी बंद होती, आणि ती त्यांच्या विद्वत्तेने उघडत नव्हती. पुढे १९५९ साली केरळातील एका शाळेत मार्टिन ल्यूथर किंग यांसही हाच अनुभव आला आणि १९६५ साली एका प्रवचनात त्यांनी तो सांगितला. किंग हे मेज यांचे शिष्य. १९४४ साली पंधरा वर्षांचे असता ते अटलांटा शहरातील मोरहाउस महाविद्यालयात दाखल झाले तेव्हा मेज तेथे अध्यक्ष होते. गुरू आणि शिष्य या दोघांसही आपली खरी ओळख हिंदुस्थानातील दलित मुलांच्या शाळेत पटावी, ह्यात योगायोगाहून अधिक काही आहे.

ही ओळख एकतर्फी नव्हती. जुलै १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहिले. आपण निग्रो प्रश्नाचे अभ्यासक आहो, त्यांच्या आणि येथील अस्पृश्यांच्या स्थितीत फार साम्य आहे, असे सांगून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली. त्याच महिन्याच्या अखेरीस ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षे डॉ. आंबेडकर न्यू यॉर्कमध्ये विद्यार्थी होते. तेव्हा एकीकडे गांधीजींकडे आणि दुसरीकडे आंबेडकरांकडून, असे दोन प्रवाह ह्या दोन समाजांमध्ये वाहत होते. दोहोंपैकी एकच लक्षात ठेवला तर इतिहास अपुरा राहील.

१९५३ साली नागपुरात एक चोवीस-पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण येऊन राहिला. त्याचे नाव जेम्स लॉसन. मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनतर्फे तो हिस्लॉप कॉलेजात आला होता. विद्यार्थ्यांचे धार्मिक मार्गदर्शन करणे आणि त्यांस खेळ शिकविणे हे त्याचे काम. लॉसन यांच्या बालपणाची एक गोष्ट पुढे फार प्रसिद्ध झाली. एका गोऱ्या पोराने शिवी दिली म्हणून शाळकरी जेम्सने त्यास थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईस अभिमानाने सांगितले. आईने पाठ न वळविता, काम चालू ठेवीतच विचारले, ‘त्याने भले काय झाले?’ तो प्रश्न मुलाच्या मनातून गेला नाही. कोरियातील युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती त्यांनी नाकारली आणि तेरा महिने तुरुंगवास पत्करला. तुरुंगातून सुटल्यावर ते आले ते गांधींच्या देशात, आणि त्यातही वर्ध्यापासून ७५ किलोमीटरांवर.

नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होते. गांधीजींस जाऊन पाच वर्षे झाली होती. परंतु त्यांच्याबरोबर काम केलेली, तुरुंग भोगलेली माणसे ह्या भागात गावोगाव हयात होती, आणि विनोबांची भूदान-यात्रा देशात चालू होती. तीन वर्षे लॉसन यांनी येथे वाचन केले, माणसे गाठली, ऐकले. मग डिसेंबर १९५५ मध्ये त्यांच्या हाती ‘नागपूर टाइम्स’चा अंक पडला. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी ह्या शहरी कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यात होती. १ डिसेंबर रोजी रोझा पार्क्स ह्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्याचे नाकारले होते, त्यांस अटक झाली होती, आणि ५ तारखेपासून सारा समाज पायी चालू लागला होता. पुढारी होता सव्वीस वर्षांचा एक धर्मोपदेशक, मार्टिन ल्यूथर किंग. ती बातमी वाचून लॉसन आनंदाने ओरडले व नाचू लागले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. जे शिकण्यासाठी घर सोडून ते नागपुरास आले, ते घरीच सुरू झाल्याचे वर्तमान त्यांस नागपुरात कळले. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि यशस्वी झाला.

१९५६ साली लॉसन स्वदेशी परतले. त्याच वर्षाच्या १४ ऑक्टोबरला, त्याच नागपुरात, डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पुढील फेब्रुवारीत ओबर्लिन महाविद्यालयात लॉसन आणि किंग यांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. लॉसन यांचा विचार आधी शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत जाण्याचा होता. किंग यांनी त्यांस वाट पाहू नका, आत्ताच या, असा आग्रह केला. अहिंसेचा असा अनुभव असलेला माणूस आपल्यात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. लॉसन गेले ते टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल येथे.

तेथे वर्ध्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर तयार झाले. १९५८ पासून आणि विशेषतः १९५९ च्या शरदृतूत एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये लॉसन यांनी वर्ग चालविले. त्यात गांधीजींच्या लढ्याचा इतिहास शिकविला जाई, आणि इतिहासानंतर तालीम होई. काही विद्यार्थी दुकानात बसलेले सत्याग्रही होत, काही मारावयास आलेले गुंड. गुंड शिव्या देत, धक्के मारीत, खुर्चीवरून ओढून पाडीत; आणि सत्याग्रह्याने हात न उगारता, डोके व पोट सांभाळून, मारणाऱ्याच्या नजरेस नजर भिडवून राहावयाचे. नंतर भूमिका बदलत. अंगास सवय लागेपर्यंत हे चाले. ज्यास राग आवरत नसे, त्यास सांगण्यात येई की, तू दुसरे काम कर, बसावयास जाऊ नको. सदाचाराचे व्याख्यान ऐकून माणूस अहिंसक होत नाही. मल्लास जशी तालीम लागते तशी त्यासही लागते, हे लॉसन यांनी ओळखले. ह्या वर्गांतून जे तयार झाले त्यांत डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल हे पुढे त्या चळवळीचे आधारस्तंभ बनले.

शहरातील मोठ्या दुकानांत खरेदीस आलेल्यांसाठी उपाहाराचे काउंटर असत. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने दुकानात पैसे खर्चावे; परंतु त्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसून कॉफीचा पेला मागू नये, असा दंडक होता. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून अधिक विद्यार्थी, उत्तम पोशाख करून, पुस्तके बरोबर घेऊन तीन दुकानांत जाऊन बसले. त्यांस कोणी काही दिले नाही. ते अभ्यास करीत बसले, आणि संध्याकाळी उठून गेले. दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीस, जमावाने त्यांस मारहाण केली, आणि पोलिसांनी धरले ते मार खाणाऱ्यांस. ८१ जण तुरुंगात गेले. परंतु एक रांग उठविली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांस काढून टाकले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांच्या वकिलाचे घर बाँबने उडविण्यात आले. त्याच दिवशी हजारो लोक शब्दही न उच्चारता नगरभवनापर्यंत चालत गेले. तेथे डायन नॅश यांनी महापौरांस सरळ विचारले की, केवळ वर्णावरून माणसास नाकारणे योग्य आहे असे तुम्हांस वाटते काय? महापौरांनी सर्वांसमक्ष ते योग्य नसल्याचे मान्य केले. १० मे रोजी सहा दुकानांतील काउंटर सर्वांस खुले झाले. पुसदची गवताची पेंढी, महाडची पाण्याची ओंजळ आणि नॅशव्हिलचा कॉफीचा पेला ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

ह्याच्या एक वर्ष आधी, १० फेब्रुवारी १९५९ रोजी, स्वतः किंग सपत्नीक हिंदुस्थानात आले होते. महिनाभराच्या प्रवासात त्यांनी मुंबईस मणिभवनात मुक्काम केला, राजस्थानात विनोबांची भेट घेतली, आणि निघण्यापूर्वी आकाशवाणीवरून ह्या देशाचा निरोप घेतला. त्यांस येथील एक गोष्ट विशेष वाटली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम राज्यघटनेतच घातलेले, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झालेला, आणि मागासलेल्यांस शिक्षणात व नोकरीत राखीव जागा दिलेल्या. आपल्या देशाच्या सरकारने एवढे केले नाही, असे त्यांनी परतल्यावर लिहिले. ही स्तुती मनाला सुखविणारी आहे. परंतु कायदा करणे आणि गावच्या विहिरीवर तो खरा करणे यांत किती अंतर असते, हे पाहुण्यास महिन्याभरात दिसण्यासारखे नव्हते. ते घरच्या माणसासच दिसावयाचे.

लॉसन यांच्या आयुष्यातील एका शेवटच्या प्रसंगाकडे वळले म्हणजे हे अंतर अधिक स्पष्ट होईल. १९६८ साली ते मेम्फिस शहरात धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारीस तेथील कचरा वाहणारे दोन कामगार पावसात गाडीच्या आडोशास बसले असता यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. ते सारे कृष्णवर्णीय होते, कारण ते काम त्यांचेच असा तेथील अलिखित नियम होता. लॉसन यांनी संपाच्या नियोजनाचा भार घेतला आणि किंग यांस बोलाविले. कामगार रोज छातीवर एकच फलक लावून चालत. त्यावर, मी माणूस आहे, एवढेच लिहिलेले असे. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांचा तेथे वध झाला. १६ तारखेस नगरपालिकेने तडजोड केली आणि संप मिटला. किंग यांच्या अंत्यविधीच्या प्रसंगी भाषण केले ते वृद्ध बेंजामिन मेज यांनी. वर्ध्यास प्रश्न विचारणारे तेच मेज. लॉसन पुढे दीर्घकाळ कार्यरत राहिले. ज्या विद्यापीठाने त्यांस काढले, त्यानेच २००६ साली त्यांस सन्मानाने अध्यापक म्हणून बोलाविले. २०२४ च्या जूनमध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले.

मेम्फिसच्या त्या फलकाचा अर्थ मराठी श्रोत्यास समजावून सांगावा लागत नाही. घाण उपसण्याचे काम कोणाच्या वाट्यास यावे हे जन्मावरून ठरविणारा समाज त्यास पुस्तकात शोधावा लागत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. आणि गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांची नावे वाचली म्हणजे ती कोणत्या वस्तीतून आली हे विचारण्याचे कारण उरत नाही. ज्यांनी वर्ध्यास आणि नागपुरास येऊन आपल्याकडून धैर्याचे शिक्षण नेले, त्यांनी ते आपल्या रस्त्यांवर, आपल्या दुकानांत आणि आपल्या सफाई कामगारांच्या संपात कसास लावून दाखविले. जाताना ते येथे एक प्रश्न ठेवून गेले होते: अस्पृश्यतेवर हल्ला चढविता, मग जातीवर का चढवीत नाही? तो प्रश्न आता गांधीजींस विचारण्याचा राहिलेला नाही. आर्णीपासून नागपूरपर्यंतच्या प्रत्येक गावाने, आणि शहरांतील प्रत्येक सुशिक्षित घराने, तो स्वतःस विचारावयाचा आहे.